निशाणाला सुई लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या उत्तर विरुद्ध दक्षिण अशा यादवी युद्धातल्या पलटणींच्या निशाणांवर पानभर लेख आला होता. लेख आवडला. हे पत्र लेखाबद्दल नाही, त्यातल्या फोटोखालच्या एका ओळीबद्दल आहे. फोटोत एक रेशमी निशाण होतं, अर्ध्याहून जास्त गेलेलं, उरलेल्या पट्ट्या काठीला लोंबत असलेल्या. खाली छापलं होतं, 'देखभालीअभावी झालेली दुर्दशा'.

कृपा करून ती ओळ दुरुस्त करा. मी तो फोटो भिंगाखाली धरून दोनदा पाहिला. काठीकडची बाजू बरीच धड होती आणि मोकळा पदर झडला होता. वाऱ्यात फडफडलेलं कापड असंच जातं, आधी मोकळं टोक, मग आत आत. जिथे सोनेरी रंगानं अक्षरं काढली होती तिथे अक्षरांच्या कडेकडेनं रेशीम चिरलं होतं. मधल्या दोन भोकांबद्दल नुसत्या फोटोवरून काही सांगत नाही, पण ती कसरीची नव्हती. कसर लागली की ती अशी दोन ठिकाणी खाऊन गप्प बसत नाही.

एवढ्याशा ओळीवर म्हातारा इतका का चिडला, असं वाटेल. त्याचं कारण आत्ता माझ्या टेबलावर पडलं आहे. ते शेवटी सांगतो.

आधी मी कोण ते. यंदा मला बहात्तरावं लागलं. राहायला करी रोड. १९७३ पासून लोअर परळच्या एका गिरणीत घडी खात्यात होतो. तयार तागा टेबलावरून सरकत जायचा आणि आम्ही दोष शोधायचे. कुठे उभा धागा तुटलाय, कुठे आडवा विरळ पडलाय, कुठे साच्याच्या तेलाचा डाग. नजर एका जागी ठेवायची आणि कापड नजरेखालून जाऊ द्यायचं. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला, पुढचं आपल्या वाचकांना सांगायला नको. नंतर तेवीस वर्षं दादरला एका लाँड्रीच्या दुकानात बसून रफू केलं. सुटाची पँट, शालू, काश्मिरी शाली, एकदा तर एका नटाची शेरवानी. म्हणजे आधी नऊ वर्षं भोकं शोधली आणि नंतर तेवीस वर्षं बुजवली.

आता बॉस्टन. थोरला मुलगा तिकडे असतो. २०१७ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तीन महिने त्याच्याकडे होतो. सूनबाईंनी बघायच्या जागांची यादी केली होती, त्यात त्या राज्याचं, म्हणजे मॅसॅच्युसेट्सचं, विधानभवन नव्हतं. एके दिवशी पावसात सापडलो आणि आत शिरायला पैसे पडत नाहीत म्हणून शिरलो. वरून सोनेरी घुमट. आत संगमरवरी दालन आहे, त्याला 'हॉल ऑफ फ्लॅग्ज' म्हणतात. भिंतीतल्या कोनाड्यांत काचेआड निशाणं. फाटलेली, चिरलेली, काळवंडलेली. त्यांचा मोठा मान आहे तिथे. वर भिंतीवर एडवर्ड सिमन्स या चित्रकाराचं चित्र आहे, २२ डिसेंबर १८६५ चं. युद्ध संपल्यावर मॅसॅच्युसेट्सच्या पलटणींनी आपापली निशाणं आणून राज्याच्या स्वाधीन केली तो दिवस. गव्हर्नर जॉन अँड्रू यांनी ती पायऱ्यांवर उभं राहून घेतली. आणणारे तेच होते, ज्यांनी ती लढाईत वागवली होती.

मी काचेला नाक लावून उभा राहिलो. आमची ही म्हणाली, चला आता, पाऊस थांबला. मी हलेना. पाचेक मिनिटांनी मी म्हटलं, "हे कापड नाही."

मुलगा म्हणाला, "बाबा, हळू बोला."

"अरे, हे कापड नाही. वीण दिसतेय पण वजन दिसत नाही. एवढं जुनं रेशीम टांगलं तर खालचा भाग ओढला जातो, पोट सुटतं. हे सपाट आहे."

तिथे माहिती द्यायला एक बाई होत्या. मुलानं अवघडून त्यांना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बरोबर आहे, हे पूर्ण आकाराचे फोटो आहेत. खरी निशाणं केव्हाच उतरवून अंधारात, बेताच्या थंडाव्यात ठेवली आहेत, कारण वर्षानुवर्षं उजेडात आणि स्वतःच्या वजनानं ती तुटत चालली होती. मग त्यांनी मुलाला विचारलं, तुमचे वडील संग्रहालयात असतात का? मुलगा म्हणाला, "टेक्स्टाइलमध्ये होते." गिरणीत होते म्हणाला असता तरी चाललं असतं.

हे सांगायचं कारण असं की त्या लोकांनी मला फसवलं असं मला वाटलं नाही. उलट वाटलं, शहाणे आहेत. फोटो टांगला, वस्तू वाचवली. आणि फोटोत भोकं तशीच ठेवली.

आता ती भोकं कुठून आली, तेही बघू. पलटणीचं निशाण शोभेसाठी नसायचं. त्या वेळच्या दारूचा धूर इतका दाट असायचा की लढाई पेटली की पलीकडचा माणूस दिसेना, आणि तोफांच्या आवाजात हुकूम ऐकू येईना. मग शेकडो शिपायांनी रांग कुठे धरायची, कुठे थांबायचं, कुठे वळायचं? निशाणाकडे बघायचं. ते पुढे सरकलं की पलटण पुढे, ते मागे आलं की मागे. उत्तरेच्या पायदळ पलटणीकडे दोन निशाणं असत, एक देशाचं आणि एक पलटणीचं. नियमात माप दिलेलं होतं, साडेसहा फूट बाय सहा फूट, आणि काठी भाल्याच्या टोकासकट ९ फूट १० इंच. म्हणजे डबल पलंगाच्या चादरीएवढं रेशीम वाऱ्यात तोलून चालायचं, आणि ज्याच्या हातात ते आहे त्याच्या हातात बंदूक नाही. माझा नातू गिरगावातल्या एका ढोलपथकात ध्वज नाचवतो. दहा मिनिटांत खांदे भरून येतात म्हणतो, आणि त्याच्यावर कोणी गोळ्या झाडत नसतं. तिथे तर समोरचे सगळे आधी निशाणवाल्यालाच टिपायचे. तो पडला की शेजारचा उचलायचा.

दक्षिणेचंही तेच. त्यांचं ते चौकोनी तांबडं निशाण, निळी फुली आणि फुलीवर तारे, तेसुद्धा धुरातूनच जन्मलं. १८६१ च्या जुलैत मनॅससच्या लढाईत दोन्ही बाजूंची निशाणं लांबून इतकी सारखी दिसली की आपला कोण आणि परका कोण कळेना. म्हणून लढाईपुरतं वेगळं निशाण काढलं. १ जुलै १८६३ ला गेटिसबर्गला नॉर्थ कॅरोलायनाच्या २६ व्या पलटणीचं निशाण एकामागून एक डझनाहून जास्त जणांनी उचललं आणि सगळे गोळी लागून पडले. त्यांत पलटणीचा कर्नल हेन्री बर्गविन होता. वय २१. ज्या बाजूसाठी ही माणसं पडली ती बाजू माणसं विकत घेणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची होती, हे मी विसरत नाही आणि कोणी विसरू नये. पण एकवीस वर्षांच्या पोराच्या हातातून गळालेलं कापड समोर आलं तर माझा हात ते चुरगाळणार नाही.

विधानभवनासमोर, रस्ता ओलांडला की बागेच्या कडेला, एक ब्राँझचं मोठं शिल्प आहे. ऑगस्टस सेंट-गॉडेन्स यांनी केलेलं, १८९७ चं. मॅसॅच्युसेट्सची ५४ वी पलटण चालली आहे, शिपाई सगळे काळे, बाजूनं घोड्यावर त्यांचा गोरा कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ. या पलटणीची एक गोष्ट मुलानं फोनवर शोधून वाचून दाखवली तेव्हा मी त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतली. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, आणि त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. आम्ही गिरणीवाले हे असले हिशेब लगेच समजतो. ते म्हणाले, पूर्ण द्या, नाहीतर काही नको. सुमारे अठरा महिने त्यांनी पगार घेतला नाही, आणि त्या काळात लढत राहिले. १८६४ मध्ये त्यांच्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, पगार सारखा केला. आमच्या संपालाही अठरा महिने म्हणतात. शेवट मात्र सारखा झाला नाही.

या पलटणीत विल्यम कार्नी नावाचा सार्जंट होता. व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेला, पुढे न्यू बेडफर्डला येऊन राहिलेला. १८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी दक्षिणेच्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावर हल्ला झाला तेव्हा निशाणवाला पडला आणि कार्नीनं निशाण धरलं. तटापर्यंत नेलं. कर्नल शॉ तिथेच मेला. कार्नीला अनेक जखमा झाल्या, पण तो सरपटत, गुडघ्यांवर, निशाण वर धरून परत आला आणि आपल्या माणसांना म्हणाला, पोरांनो, निशाण जमिनीला लागू दिलं नाही. मेडल ऑफ ऑनर, म्हणजे तिकडचं सर्वोच्च शौर्यपदक, त्याला मिळालं १९०० साली. सदतीस वर्षांनी! सरकारी फाइल तिकडेही तशीच चालते म्हणायची.

पुढचं मला सगळ्यात जास्त लागलं. हा माणूस नंतर न्यू बेडफर्डला टपाल वाटायचा, आणि म्हातारपणी त्याच सोनेरी घुमटाच्या विधानभवनात निरोप्याचं काम करायचा. आपल्या भाषेत शिपाई. सैन्यातही शिपाई आणि कचेरीतही शिपाई, आपल्याकडे एकच शब्द आहे, आणि या माणसाला तो दोन्हीकडून लागू पडला. १९०८ मध्ये त्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये अपघात होऊन तो गेला. म्हणजे खाली काचेआड निशाणं, आणि वरच्या मजल्यांवर कागद घेऊन फिरणारा हा. कागद घ्यायला हात पुढे करणाऱ्या किती साहेबांना ठाऊक असेल हा कोण ते?

आता कापडाकडे येतो, कारण बोलायचा अधिकार मला तेवढ्यापुरताच आहे.

रेशमाला ऊन खातं. ट्यूबलाइटही खाते, फक्त सावकाश. आपल्या घरातल्या बायकांना हे कुठल्याही तज्ज्ञाआधी माहीत होतं. पैठणी जुन्या मलमलीत बांधून ट्रंकेत, अंधारात. आणि वर्षातून एकदा काढून घडी बदलायची, कारण घडीवर रेशीम तुटतं. माझ्या आजीचा लग्नातला शालू आईनं दहाएक वर्षं उघडला नाही, मग उघडला तर घडीच्या रेघांवर सरळ कापल्यासारखे चार तुकडे. जर धड, रेशीम गेलेलं. निशाणांचं दुखणं याहून वाईट. त्यांच्यावर तैलरंगानं गरुड, राज्याची चिन्हं, लढायांची नावं काढलेली असायची. रंग वाळून कडक होतो, रेशीम मऊ राहतं, आणि जिथे दोघं भेटतात तिथे चिरतं. आपल्या फोटोतली चिरफाड ती आहे. त्यात ती निशाणं काठीला गुंडाळून वर्षानुवर्षं उभी ठेवलेली. पूर्वी तिकडे असं जीर्ण कापड जाळीत धरून टाके घालायची पद्धत होती. त्या काळाच्या मानानं चांगलं काम, पण प्रत्येक टाका म्हणजे कुजलेल्या कापडाला एक नवं भोक. आता टाका नाही, टांगणं नाही, आडवं ठेवायचं, दमट हवेनं सुरकुती हळूहळू सैल करायची, धूळ काढायची आणि खण बंद. यात वाचवायचं काय आहे हे त्यांना उमगलं, असं मला वाटतं. कारण भोक बुजवणं हे सोपं काम आहे. माझ्यासारखा चांगला रफूवाला असं बुजवतो की सापडत नाही.

लेखात एक गोष्ट राहून गेली, ती तुकड्यांची. एप्रिल १८६५ मध्ये अ‍ॅपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. निशाणं खाली ठेवायची वेळ आली तेव्हा काही पलटणींनी ती शत्रूच्या हाती देण्याऐवजी फाडली आणि तुकडे वाटून घेतले. कोणी खिशात, कोणी टोपीत. घरी गेल्यावर ते तुकडे पिढ्यान्‌पिढ्या कपाटात राहिले. शरणागतीचा निरोप घेऊन जो पांढरा फडका आला होता, तो तर साधा भांडी पुसायचा रुमाल, त्याचेही लोकांनी आठवण म्हणून तुकडे कापून नेले, उरलेला वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मला हे वाचून पंढरीची आठवण झाली. प्रसादाचा एक कण मिळाला की पुरे, लाडू कोणाला हवा असतो.

पकडलेल्या निशाणांचं भांडण मात्र प्रसादासारखं नव्हतं, भाऊबंदकीतल्या भांड्यांसारखं होतं. तुझ्याकडे आमचं तपेलं आहे, परत दे. उत्तरेनं जिंकलेली दक्षिणेची निशाणं सरकारी कोठारात पडून होती. १८८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी ती परत करायला मान्यता दिली, तर उत्तरेचे जुने शिपाई असे भडकले की हुकूम मागे घ्यावा लागला. १९०५ मध्ये काँग्रेसनंच ठराव केला, तेव्हा कोणी फारसं ओरडलं नाही. तोपर्यंत ओरडणारे म्हातारे झाले होते. पण सगळी गेली नाहीत. गेटिसबर्गला मिनेसोटाच्या पहिल्या पलटणीतल्या मार्शल शर्मन नावाच्या शिपायानं व्हर्जिनियाच्या २८ व्या पलटणीचं निशाण हिसकावलं, त्याला त्याबद्दल मेडल ऑफ ऑनर मिळालं, आणि ते निशाण आजही मिनेसोटात आहे. व्हर्जिनियानं अनेकदा मागितलं. लढाईला दीडशे वर्षं झाली तेव्हा, २०१३ मध्ये, निदान काही दिवस द्या म्हणाले. मिनेसोटाचे गव्हर्नर म्हणाले, नाही. आमच्या माणसांच्या रक्ताची किंमत आहे ती.

आपल्या लेखकांना हा हट्ट पोरकट वाटला. मला नाही वाटला. निशाण शिवणाऱ्या गावाचं असतं तसं ते ज्याच्या हाती लागलं त्याच्या गावाचंही होतं, दोघांचीही माणसं त्याच्यापायी गेलेली असतात. ते कुठल्या खणात आहे यावरून मी भांडणार नाही. खणात आहे ना? तेच पुष्कळ. कारण तेच निशाण खांबावर चढवलं की गोष्ट बदलते. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणानं प्रार्थनेला बसलेल्या नऊ काळ्या माणसांना गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनाच्या आवारातून दक्षिणेचं ते निशाण उतरवावं लागलं. ते कोरं करकरीत होतं, कारखान्यातून आलेलं. त्याच्यावर एकही भोक नव्हतं आणि कोणी ते धुरातून वाहिलं नव्हतं. मला विचाराल तर जुनी फाटकी जपा आणि नवी शिवू नका.

आणि मुंबईला त्या युद्धाशी काय देणंघेणं, असं एका वाचकानं आपल्याला लिहिलं आहे, त्यांना उत्तर देऊन टाकतो. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि तिथले व्यापारी आपल्या वऱ्हाड-खानदेशाच्या कापसावर तुटून पडले. चार वर्षं मुंबईत पैसा नुसता वाहत होता. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरचे भाव आभाळाला लागले. १८६५ मध्ये ली शरण गेल्याची बातमी इथे पोचली आणि कापूस कोसळला, त्याच्याबरोबर पेढ्या कोसळल्या, बँका बुडाल्या, खुद्द प्रेमचंद रायचंद बुडाले. त्यांनी त्याआधी देऊन ठेवलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला. तिकडे त्या युद्धाची आठवण म्हणून फाटकी निशाणं आहेत, इकडे घड्याळाचा मनोरा आहे. आपल्या वाट्याला एकही भोक नसलेली आठवण आली, एवढाच फरक.

आता टेबलावरच्या वस्तूबद्दल.

आमच्या गल्लीतल्या मंडळाला एका बंद खोलीच्या पोटमाळ्यावर लाल बावटा सापडला. साध्या मांजरपाटाचा, घरी रंगवलेला. ब्याऐंशीच्या संपातल्या मोर्चांत आमच्या चाळीतले लोक तो घेऊन जायचे. मी स्वतः त्याच्यामागून चाललो आहे. मधोमध फाटलाय, खालचं टोक झडलंय, एका कोपऱ्यात तपकिरी डाग आहे तो चहाचा की कसला मला माहीत आहे पण इथे लिहीत नाही. चाळीच्या जागी टॉवर होतोय, त्याच्या खालच्या लॉबीत तो सोनेरी फ्रेममध्ये लावायचा बेत आहे. वरून दिवा सोडणार. मुलं चांगली आहेत, मनापासून करताहेत. ती म्हणाली, "काका, तुमचा हात अजून चालतो, जरा नीट करून द्या. धुऊन घेतो आम्ही आधी."

हात चालतो. तेच तर दुखणं आहे.

१९९४ मध्ये माझ्या वडिलांनी मला त्यांचा बावटा आणून दिला होता. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर जो मोर्चा गेला, लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला, गोळीबार झाला, त्या मोर्चात तो वडिलांच्या हातात होता. त्याला एक भोक होतं, रुपयाएवढं, कडा करपलेल्या. अश्रुधुराचं नळकांडं घासून गेलं होतं असं ते सांगायचे. सांगताना भोकात बोट घालून दाखवायचे. लहानपणी आम्हीही घालायचो. मला म्हणाले, बघ, आणखी फाटायला लागलाय, काही करता येतं का. मी तेव्हा दादरच्या दुकानात नावाजलेला होतो. मी बावट्याच्याच दुमडीतले धागे काढले, करपलेली कड कापली, आणि उभा-आडवा असा भरून काढला की शेठनी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना बोलावून दाखवला. चार दिवस लागले.

वडिलांनी तो मांडीवर पसरला. बोट फिरवत राहिले, इकडून तिकडे, पुन्हा इकडे. सापडेना. मग म्हणाले, "छान केलंस." घडी घातली. त्यानंतर पाच वर्षं होते ते, पण तो बावटा त्यांनी परत कधी काढला नाही, आणि ती गोष्टही कोणाला सांगितली नाही. मीही विचारलं नाही. ती करपलेली कड मी दुकानाच्या केराच्या टोपलीत टाकली होती.

तेव्हा आपल्याला विनंती एवढीच, की फोटोखालची ती ओळ दुरुस्त करावी. काय लिहावं ते आपण ठरवा. पलटणीचं नाव आणि जिथे ते फाटलं त्या लढाईचं नाव लिहिलं तरी पुरेल.

आणि आमच्या मंडळाची मुलं आपला पेपर घेतात, म्हणून त्यांच्यासाठीही इथेच लिहितो. बावटा माझ्याकडे आहे, तो मी शिवलेला नाही, धुऊ नका. फ्रेममध्ये त्याचा फोटो लावा, मोठा, खऱ्या मापाचा, मी खर्चाला हातभार लावीन. खाली कोण कोण तो घेऊन चालायचं त्यांची नावं लिहा, सात मला पाठ आहेत, बाकीची तळमजल्याच्या मावशींना विचारा, त्या अजून आहेत तोवर. बावटा न्यायला रविवारी सकाळी या. येताना काठी आणू नका. कापडाच्या दुकानात तागा ज्यावर गुंडाळलेला असतो ती पुठ्ठ्याची जाड नळी मागून आणा, चार फुटांची, आणि घरातली एखादी जुनी, दहा वेळा धुतलेली मलमल, खळ नसलेली. गुंडाळून मी देतो.

आपला,
एक निवृत्त रफूवाला
करी रोड, मुंबई